पहिल्या तुकड्याचं तोंड

बायको जाऊन धड महिना उलटला नव्हता, तोवर गुण्याने शिवणखान्याच्या गच्चीवर दुसरं बिऱ्हाड थाटलं, अशी आवई उठली. बिऱ्हाड म्हणजे काय, तर दुपारी चहाची सुट्टी झाली की गुण्या सायकल भिंतीला लावायचा, कोणाकडे न बघता मागच्या लोखंडी शिडीने वर चढायचा, आणि थोड्या वेळाने इस्त्रीवाली ओल्या फडक्यांची बादली घेऊन त्याच शिडीने वर जायची. झालं! शिडी एक, गच्ची एक, बाप्या एक, बाई एक. एवढी बेरीज करायला कोणाला शाळेत जावं लागत नाही.

चहावाल्याने स्वतः काही पाहिलं नव्हतं, म्हणून तर तो शपथेवर सांगत होता. बटणवाली म्हणाली, "मला तर आधीपासूनच वाटत होतं." हिला जगातलं सगळं आधीपासूनच वाटत असतं, फक्त सांगते ती नंतर. कोणी म्हणालं, बायको आजारी असतानाच जमलं होतं. कोणी म्हणालं, त्या धक्क्यानेच ती गेली. आवईला पाय नसतात म्हणतात, पण बाईसाहेब शिडी मात्र भराभर चढतात.

आता हा गुण्या कोण, ते सांगायला हवं. गुण्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तो पत्र्याचे डक्ट करणारा कारागीर. मोठमोठ्या इमारतींत हवा इकडून तिकडे न्यायला पत्र्याचे चौकोनी बोगदे लागतात ना, ते कापायचे, वाकवायचे, शिवायचे आणि छताला टांगायचे, हा त्याचा धंदा. काटकोन तपासायचं जे लोखंडी हत्यार असतं, तो गुण्या, ते याच्या मागच्या खिशात कायम खोचलेलं. झोपतानाही काढत असेल की नाही, देव जाणे. कोणाच्या घरी गेला तर आधी दाराच्या चौकटीला गुण्या लावून बघायचा आणि मग "बरे आहात ना?" विचारायचा. लग्नाआधी नवरी बघायला गेला तेव्हाही म्हणे खिशाकडे हात गेला होता, पण मामाने मनगट धरलं.

बायको मात्र अशी मिळाली की बोलण्यात एक रेघ सरळ नाही. घरात आली तेव्हापासून तिने त्याच्या सरळपणाची जी फिरकी घ्यायला सुरुवात केली, ती थांबवलीच नाही. चादर घातली की म्हणायची, "अहो, कोपरा तपासून घ्या, नाहीतर रात्रभर झोप यायची नाही तुम्हाला." भाजी चिरली की म्हणायची, "बघा, एकसारखी नाही झाली. पोटात जाताना वाकडी जाईल." तो वरवर चिडायचा आणि आतून सुखावायचा. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांत दोघं, आणि दोघांच्या मध्ये ही अखंड थट्टा. शेजारच्यांना वाटायचं, यांच्याकडे रोज पाहुणे असतात.

ती शिवणखान्यात काज करायची. सदऱ्याला बटण अडकवायची जी भोकं असतात ती काजं, आणि ती करायचं मशीन वेगळं, जड, जमिनीला बोल्टने आवळलेलं. तिचं मशीन खिडकीशी, पहिल्या कोपऱ्यात. शिवणखाना सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडी गच्ची. उन्हाळ्यात ती गच्ची तापली की खाली बायका नुसत्या भाजून निघायच्या. त्यात कापडाचं तूस. कातरी चालली, मशीन चाललं की बारीक तूस हवेत तरंगायचं आणि बंद खोलीत तिथेच फिरत राहायचं. बायकांच्या भुवया संध्याकाळपर्यंत पांढऱ्या. इस्त्रीवाली म्हणायची, "इथे येताना मी तरणी असते, जाताना सासू होऊन जाते."

काजवालीच्या छातीत या तुसाने घर केलं होतं. रात्री झोपली की घुरघुर ऐकू यायची. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण हिला आधी हवा पाहिजे. खेळती हवा." गुण्याने ते वाक्य असं ऐकलं की जणू डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी त्याच्याच नावाने फाडली. हवा! जन्मभर त्याने दुसरं केलं काय होतं? नाटकगृहाला हवा दिली, छापखान्याला दिली, मुडदेघरालासुद्धा दिली. आणि घरची बाई हवेवाचून घुरघुरते?

तो शिवणखान्याच्या मालकाच्या मागेच लागला. मालक भला माणूस, पण निर्णय घ्यायचा म्हटलं की त्याला नेमकं पाणी प्यावंसं वाटायचं. गुण्या रोज सकाळी दारात उभा. शेवटी मालक पाणी पिऊन पिऊन थकला आणि हो म्हणाला. गच्चीवर मोठा पंखा बसवायचा, त्याच्या तिन्ही बाजूंना जाळीदार जाड पॅड, पॅडवरून पंपाने पाणी सोडायचं. बाहेरची गरम हवा ओल्या पॅडमधून आत खेचली की गार होते, ती डक्टमधून गच्चीवरून न्यायची आणि जागोजागी छताला भोक पाडून खाली सोडायची. समोरच्या भिंतीत वर झरोके, म्हणजे तुसाने भरलेली जुनी हवा बाहेर. सगळं साधं. सगळं गुण्याच्या हातचं.

त्याने ते काम असं केलं की मिस्त्री लोक बघायला यायचे. एकेक पत्रा मोगरीने ठोकून कडा दुमडल्या, शिवण अशी बसवली की नखाला लागू नये. सांध्यात पट्टी, वरून उन्हासाठी जाड अस्तर. पंख्याची थरथर डक्टला लागू नये म्हणून मध्ये कॅनव्हासचा पट्टा. हवा खाली सोडणाऱ्या प्रत्येक तोंडाला एक झडप, आणि झडपेची मूठ वर गच्चीवर, म्हणजे कुठे किती हवा सोडायची ते वरूनच ठरवता यावं.

आणि मग पंख्यालगतच्या पहिल्या तुकड्याचा प्रश्न आला.

गुण्याच्या उस्तादाची एक शिकवण होती. उस्ताद कधीच वर गेला होता, पण त्याचं बोलणं गुण्याच्या डोक्यात मोगरीसारखं वाजत असे. "पाण्याचं मशीन थुंकतं रे," उस्ताद म्हणायचा. "पहिला तुकडा कोरा सोड. थुंकायचं ते तिथे थुंकू दे, मग पुढे तोंड फोड." म्हणजे पंख्याच्या जोराने पॅडवरचे पाण्याचे बारीक कण हवेबरोबर उडतात, पहिल्या तुकड्यात ते खाली बसतात आणि पुढे जाते ती नुसती गार हवा. गुण्याने आयुष्यात एकदाही पहिल्या तुकड्याला तोंड फोडलं नव्हतं.

पण पंखा बसवायला भक्कम जागा गच्चीच्या एकाच टोकाला होती, आणि त्याच टोकाखाली, बरोबर पहिल्या तुकड्याखाली, काजाचं मशीन होतं.

त्याने घरी विषय काढला. "अगं, तुझं मशीन थोडं आत नाही का सरकवता येणार?"

"का? वाकडं आहे?"

"थट्टा नको. वाऱ्याचं सांगतोय."

"जमिनीला जखडलंय ते. आणि खिडकीचा उजेड सोडून आत गेले तर दोरा काय नाकाने ओवू? राहू द्या. मला मागची हवा लागेल तेवढी पुरे."

मागची हवा! ज्या बाईसाठी हा डोंगर उचलला, तिलाच उरलीसुरली मिळणार? गुण्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर बराच वेळ पहिल्या तुकड्याशी बसून राहिला. मग त्याने स्वतःची समजूत घातली. पत्र्याला जरा उलटा उतार देऊ, पाणी मागे वळेल. आत एक आडवी पट्टी घालू, कण तिला अडतील. उस्तादाच्या वेळची मशीनं वेगळी होती. शहाणा माणूस चूक करतो तेव्हा अशीच करतो, कारणांच्या कडा नीट दुमडून. त्याने कातर घेतली आणि पहिल्या तुकड्याला, बायकोच्या डोक्याच्या बरोबर वर, तोंड फोडलं.

पंखा सुरू झाला त्या दिवशी शिवणखान्यात जे झालं ते लग्नात होत नाही. बायकांनी पदर, ओढण्या सोडून हवेत धरल्या. कोणी छताकडे तोंड करून डोळे मिटून उभी राहिली. बटणवाली रडली. इस्त्रीवाली कमरेवर हात ठेवून काजवालीला म्हणाली, "बाई, आमचे नवरे डोक्यावर मिरी वाटतात. तुझ्या नवऱ्याने डोक्यावर गारवा धरला! पहिलं तोंड कोणाच्या डोक्यावर फोडलंय ते काय आम्हाला दिसत नाही?"

"चूप गं ताई," काजवाली म्हणाली, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. गुण्या दाराशी उभा होता. त्याने गुण्या खिशातून काढला, उगाच भिंतीला लावला आणि परत ठेवला. माणूस खूश झाला की करणार काय?

त्या संध्याकाळी त्याने विचारलं, "गार लागतंय ना?"

"लागतंय की," ती म्हणाली.

मग रोजच विचारायला लागला. हात धुताना, जेवताना, दिवा मालवताना. आणि ती रोज म्हणायची, "लागतंय की." सुरुवातीला ते खरंही होतं. तूस कमी झालं, उकाडा गेला. डोळ्यांना दिसेल इतका फरक. सगळ्या बायका सुखावल्या, आणि तीही सुखावली. पण पहिल्या तुकड्याचं तोंड थुंकत होतं. दिसेल असं नाही. पट्टीला चुकवून, उताराला न जुमानता, डोळ्यांना दिसणार नाही असं बारीक दव दिवसभर तिच्या मानेवर, खांद्यावर बसायचं. पाणी क्षारांनी जड होतं. तिच्या टेबलाच्या पत्र्यावर सुकून पांढरे ठिपके उमटायचे. ती ते रोज संध्याकाळी ओल्या चिंधीने पुसून मगच घरी निघायची.

पुसायची, कारण गुण्या कधीमधी न्यायला यायचा.

एकदा त्याला तिच्या पिशवीत शाल दिसली. बाहेर डांबर वितळत होतं.

"अगं, शाल कशाला?"

"इस्त्रीवालीची. दुरुस्त करून द्यायचीय."

दुसऱ्यांदा दिसली तेव्हा म्हणाली, "कापड कमी पडलं तर अंथरायला." तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. थट्टेखोर बाईच्या उत्तराचा पाठलाग करायचा नसतो, हे तो लग्नानंतर शिकला होता. ते शिकला नसता तर बरं झालं असतं. तिचा आवाज बसला, तर म्हणाली, "तुमच्याशी भांडून भांडून बसला." थट्टा कमी झाली, तर शेजारी म्हणाले, दोघांचं बिनसलंय वाटतं. रात्री खोकला आला की ती उशीत तोंड खुपसायची, आणि उशी ओली झाली की उलटी करायची. गुण्याची झोप गाढ. दिवसभर पत्रा ठोकणाऱ्याला रात्री खोकला ऐकू येत नाही.

उन्हाळा सरला. पंखा बंद करून पॅड काढायची, धुवायची, पंपातला गाळ उपसायचा, ही वर्षाची कामं. गुण्या दुपारी गच्चीवर चढला. पहिल्या तुकड्याला बाजूने एक लहान झाकण ठेवलेलं होतं, आत हात घालून साफ करायला. त्याने चार स्क्रू सोडवले आणि झाकण उघडलं. पंखा त्याने नुकताच बंद केलेला, खाली चहाची सुट्टी, मशीनं थांबलेली. डक्ट जसा हवा नेतो तसा आवाजही आणतो. खालून खोकला आला.

असा खोकला की थांबायचं नाव नाही. शेवटी कोणीतरी ओलं कापड पिळावं तसा एक आवाज. गुण्याने तो आधी कधीच ऐकला नव्हता, पण कोणाचा आहे हे त्याला एका क्षणात कळलं. माणूस आपल्या बाईचा खोकलाही ओळखतो, हसण्यासारखा.

मग इस्त्रीवालीचा आवाज आला. "अगं, सांग ना त्याला आता तरी! किती दिवस लपवणार? नाहीतर बाकडं घे नि माझ्याकडे येऊन बस. काजं काय पळून चाललीत?"

मग बायको, फाटक्या आवाजात. "काय सांगू ताई? माझ्यासाठी फोडलंय त्यांनी ते तोंड. रोज विचारतात, गार लागतंय ना. लहान पोरासारखं तोंड करतात. नाही म्हणू?"

"म्हण की!"

"तू म्हणून बघ एकदा त्या तोंडाकडे बघून," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या, आणि तिला परत खोकला आला.

गुण्या झाकण हातात घेऊन तसाच बसला. खालच्या बायकांना नंतर आठवलं, की वर काहीतरी ठोकल्याचे आवाज आले, आणि मग शिडी वाजली. तो आत आला तेव्हा हातात हत्यार नव्हतं. खिसाही रिकामा. सरळ तिच्या टेबलाशी गेला. ठिपके अजून पुसायचे होते. त्याने बोट फिरवलं, बोटाला पांढरं लागलं.

"चल," तो म्हणाला.

"संध्याकाळची सुट्टी व्हायचीय अजून."

"चल गं," तो म्हणाला, आणि शाल तिच्याच पिशवीतून काढून तिच्या खांद्यावर टाकली.

डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तुसाचं नाव घेतलं, दमटपणाचं घेतलं, जुन्या दुखण्याचंही घेतलं. म्हणाले, नक्की कशाने झालं ते आता सांगता येत नाही. गुण्याला त्यातला दमटपणा तेवढा ऐकू आला.

ती पुन्हा शिवणखान्यात गेली नाही. घरी खिडकीशी त्याने तिची खाट लावली. खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली पाचरी घालून ती तिरकी केली, कारण डोक्याकडची बाजू उंच ठेवा असं सांगितलं होतं. खोलीत पहिल्यांदाच एक वस्तू वाकडी उभी होती. तो कामं सोडून तिच्याजवळ बसायचा. पाणी पाजायचा, पाठीवरून हात फिरवायचा, आणि आता काहीच विचारायचा नाही.

एका संध्याकाळी त्याने ते बोलून टाकलं. "पहिला तुकडा कोरा सोडायचा असतो. उस्तादाने सांगितलं होतं. मला ठाऊक होतं."

श्वास गोळा करायला तिला वेळ लागायचा, तोवर समोरच्याने थांबायचं.

"आलं ना," ती म्हणाली, "एकदाचं काहीतरी वाकडं तुमच्या हातून?"

आणि हसली. तो हसला नाही. मग तिने त्याच्या मागच्या खिशाला हात लावून बघितला. तो रिकामा होता.

"कुठे गेलं?"

"ठेवलंय."

"खोटं बोलायला माझ्याकडून शिकायला हवं होतं तुम्ही," ती म्हणाली.

थंडी पडायला लागली आणि ती गेली. पहाटे, त्याच्या हातावर डोकं ठेवून. इस्त्रीवाली आली, तिनेच सगळं केलं. शिवणखान्याच्या सगळ्या बायका आल्या, त्यांच्या भुवया काळ्या होत्या. खोकत कोणीच नव्हती. त्यांच्यासाठी त्याचं काम चोख झालं होतं, आणि ते तोंडावर सांगायची सोय नव्हती. तरी बटणवालीने सांगितलंच. "भाऊ, तुमच्यामुळे आम्ही सुखात आहोत हो." काही माणसांना देव जीभ देतो आणि वेळ द्यायला विसरतो.

मग दुपारच्या फेऱ्या सुरू झाल्या. सायकल, भिंत, शिडी. आणि मागून इस्त्रीवाली. ती बिचारी जन्मभर फडकी गच्चीवरच वाळत घालत आली होती, पण ते आता कोणाला आठवेना. लोकांनी तिला खोदून खोदून विचारलं. ही बाई एरवी न विचारता चार गोष्टी जास्त सांगणारी. पण या गोष्टीवर तिने तोंड असं मिटलं की लोकांची खात्रीच पटली. गप्प बसली म्हणजे काहीतरी आहे! बोलली असती तरी काहीतरी होतंच.

शेवटी चहावाल्याने वॉचमनला भरीला घातलं. वॉचमन चपला खाली काढून, पोट आत ओढून शिडी चढला आणि पाण्याच्या टाकीआडून बघत उभा राहिला. गच्चीच्या या टोकाला इस्त्रीवाली पाठ करून फडकी दोरीवर टाकत होती. त्या टोकाला गुण्या डक्टपाशी उकिडवा बसला होता. त्याने एका मुठीवर हात ठेवला, जोर लावून पाहिला. मूठ हलली नाही. त्याने सदऱ्याच्या बाहीने तिच्यावरची धूळ पुसली, उठला आणि खाली गेला. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

वॉचमन खाली येऊन म्हणाला, "काही नाही रे." लोक म्हणाले, "घ्या! वॉचमनलाही वश केलं."

खरी गोष्ट एवढीच होती. खोकला ऐकला त्याच दुपारी गुण्याने पहिल्या तुकड्याची झडप बंद केली होती आणि मुठीवर रिबेट, म्हणजे पत्रा कायमचा जखडणारे खिळे, मारले होते. ती उघडी नाही ना, हे बघायला तो रोज वर जायचा.